चार वाजताचा दिवा

गुनव्होर तेर्येसेन मला कधीच आवडली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला भला माणूस ठरवण्याच्या फंदात पडणार नाही. लिंगहवन या आमच्या बंदराच्या गावात तिच्या घरासमोरच माझं घर, आणि मधली गल्ली एवढी अरुंद, की दोन माणसं छत्र्या उघडून समोरासमोर आली तर एकाला आपली मिटावी लागते. गुनव्होरने कधी मिटली नाही. एकेचाळीस वर्षं मला माझ्या स्वयंपाकघरातून तिचं स्वयंपाकघर दिसत आलं आणि तिला माझं. नवराबायकोसुद्धा एकमेकांकडे एवढं बघत नाहीत.

तिच्या खिडकीच्या चौकटीला बाहेरून एक छोटा आरसा तिरपा ठोकलेला होता. आमच्याकडे त्याला चुगलीचा आरसा म्हणतात. पडद्याआड खुर्ची टाकून बसलं, की चर्चपासून धक्क्यापर्यंत गल्लीत कोण आलं, कोण गेलं ते दिसतं आणि बघणारा कुणाला दिसत नाही. बाकीच्या घरांचे आरसे कधीच गंजून गेले. गुनव्होर आपला दर शनिवारी स्पिरिट लावून पुसायची.

ती मूळची बाहेरच्या बेटावरची. वडील जहाजांना खडकांतून वाट दाखवणारे वाटाडे, नवरा आर्विडही तेच काम करणारा. वाटाड्यांच्या घरची माणसं कमी बोलतात म्हणे. ही बोलायची, पण प्रत्येक वाक्य समोरच्याच्या अंगावर फेकल्यासारखं. धक्क्याजवळच्या पावाच्या दुकानात तिने बावीस वर्षं काउंटर सांभाळला. कुणाला कडक कवचाचा लागतो, कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाच्या घरी दोन दिवस पाव गेला नाही म्हणजे कोण आजारी आहे, सगळं तिला ठाऊक. एकदा म्हातारा निल्स तीन दिवस दिसला नाही, तेव्हा हीच दुकान उघडं टाकून गेली आणि त्याला न्हाणीघरात पडलेला शोधून काढला. वर त्याला झापलं, की नशीब समज शनिवारी पडला नाहीस, शनिवारी गर्दी असते, मला जमलं नसतं.

गावाचा एक नियम आहे. या जुन्या पांढऱ्या लाकडी घरांपैकी एखादं ज्याला घ्यायचं असेल, त्याने तिथे बारा महिने राहायचं, निदान कुणाला तरी राहू द्यायचं. उन्हाळ्यापुरतं उघडायचं नाही. तसं सही करून द्यावं लागतं. सही सगळेच करतात. ऑस्लोचे वकील करतात, दातांचे डॉक्टर करतात. जुलैत येतात, धक्क्यावर कोळंबी सोलत बसतात, होडीतून एकमेकांना हात हलवतात आणि ऑगस्टच्या मध्याला दार लावून निघून जातात. मग नोव्हेंबरात दुपारी चारलाच अंधार पडायला लागला, की कोण गावचा आणि कोण पाहुणा ते खिडक्याच सांगतात.

गुनव्होरला ते दुकानातच कळायला लागलं होतं. पूर्वी फेब्रुवारीतल्या एखाद्या सोमवारी नव्वद पाव जायचे. शेवटच्या फेब्रुवारीत एकवीस गेले. मालकाने दुकान बंद केलं आणि तिथे आइस्क्रीमवाला आला, तो वर्षाचे सात आठवडे उघडा असतो. गुनव्होर आपला एप्रन घडी करून घरी घेऊन आली आणि त्याच आठवड्यात तिने नगरपालिकेला पहिलं पत्र लिहिलं.

पत्राचा साचा ठरलेला. अमुक गल्लीतल्या अमुक घरात अमुक तारखेपासून दिवा नाही, धुराड्यातून धूर नाही, पायऱ्यांवरच्या बर्फात पाऊल नाही. चौकशी व्हावी. खाली सही, गुनव्होर तेर्येसेन, शेजारीण. घर गावाच्या दुसऱ्या टोकाला असलं तरी ही शेजारीणच. आर्विड तेव्हा होता. त्याने तिला विचारलेलं मी माझ्या खिडकीतून ऐकलं, "कशाला लोकांशी वाकडं घेतेस?"

"लोक कुठायत?" ती म्हणाली. "लोक असते तर वाकडं घेतलं असतं का? मी घरांशी घेतेय."

एकूण बारा पत्रं तिने लिहिली. त्यातली सात घरं विकावी लागली, दोघांनी भाडेकरू ठेवले, तिघे सुटले. सुटलेल्यांनी दिव्याला घड्याळवाली कळ बसवून घेतली होती. गावाने तिच्याशी बोलणं जवळजवळ टाकलं. नियम सगळ्यांना हवा होता, पण नियम पाळायला लावणारी नको होती. चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसायचं नाही. दुकानात ती शिरली की बोलणं थांबायचं. एका सप्टेंबरात कुणीतरी तिच्या टपालपेटीत मेलेला बांगडा कोंबून ठेवला. मासा ताजा होता. गुनव्होरने तो लोण्यात तळला, पडदा बाजूला सारला आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा खिडकीत बसून, काटे चोखून खाल्ला. त्या वेळी मी हसलो होतो. त्या वेळी तिने आमच्या घरातलं कुणी धरलं नव्हतं.

पाहुण्यांशी तर तिचं उभं वैर. जून उजाडला की छत्री उंच धरलेला, पर्यटकांना गाव दाखवणारा वाटाड्या पुढे आणि तीस-चाळीस माणसं मागे, अशी वरात गल्लीत शिरायची. ती माणसं आमच्या पायऱ्यांवर बसून खायची, आमच्या दाराच्या कड्या वाजवून बघायची. एकदा गुनव्होर उकडलेले बटाटे आणि मासा पुढ्यात घेऊन जेवायला बसली होती. एका टोपीवाल्या बाईने काचेला नाक लावलं, आत बघितलं आणि वाटाड्याला विचारलं, "इथे खरंच माणसं राहतात का हो?"

गुनव्होरने खिडकी उघडली. "नाही," ती म्हणाली. "मला नगरपालिकेने बसवलंय. सहा वाजता चावी संपते, मग मला कपाटात ठेवतात."

सगळे हसले. दोघातिघांनी तिचा फोटो काढला. ती काही हसली नाही. संध्याकाळी मी कुंपण रंगवत होतो तेव्हा दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "ओडव्हार, त्या बाईला मी उगाच बोलले. तिने बरोबरच विचारलं."

मी रंगारी. या गावातली अर्धीअधिक घरं माझ्या हातची. आमच्याकडे घराची तोंडाची बाजू पांढरी आणि मागची भिंत लाल. जुन्या काळी पांढरा रंग महाग, म्हणून जगाला दिसेल तेवढंच पांढरं करायचे. आता दोन्ही रंगांना पैसे तेवढेच लागतात, तरी मागची भिंत लालच राहते. गावाचा स्वभावही बराचसा तसाच आहे.

आता माझं भांडण. माझा धाकटा भाऊ स्वेरे उत्तरेला, हामरफेस्टला गॅसच्या कारखान्यात लागला. त्याचं घर गल्लीच्या टोकाला, आईवडिलांचं. दोन हिवाळे ते बंद राहिलं. मी म्हणत होतो की येईल तो, आज ना उद्या येईल. गुनव्होरने पत्र टाकलं. मी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"माझ्या भावाचं घर आहे ते," मी म्हणालो.

"मग तुझ्या भावाला सांग, त्यात येऊन राहा."

"तो तिकडे मजेसाठी गेलाय का?"

"मजेसाठी गेला नाही हे मला माहितेय. पण अंधार तेवढाच पडतो."

घर विकलं गेलं. चार वर्षांनी स्वेरे तिकडेच गेला, हृदय बंद पडून. कधी परत यायचं त्याच्या मनात आलंही असेल, पण यायला जागा उरली नव्हती. त्या घरात आता तीन पोरं दंगा करतात, हे गुनव्होर मला ऐकू जाईल असं दोनदा कुणाकुणाला सांगून झाली. मी तिच्याशी बोलणं सोडलं. आणि माझ्या हातात एकच गोष्ट होती ती केली. तिचं घर रंगवायला नाही म्हटलं.

दुसऱ्या रंगाऱ्याला तिने बोलावलं नाही. सत्तरी ओलांडलेली बाई, तीच शिडीवर चढायला लागली. दर तिसऱ्या वर्षी समोरची भिंत स्वतः रंगवायची आणि इतकी वाईट, की बघवत नसे. जाड रंग, मधेच सुटलेले फराटे, फळ्यांवरून आलेले ओघळ. मी रोज सकाळी कॉफी पिताना ते ओघळ बघत बसायचो. तिने ते मुद्दाम ठेवले होते, अशी माझी खात्री आहे.

परवाच्या सप्टेंबरात ती ब्याऐंशीची होती. शिडी गल्लीतल्या दगडांवर नीट बसली नव्हती. मी खिडकीतून बघत होतो. मला दिसत होतं की शिडीचा डावा पाय उचललाय. मी रंगारी आहे, मला शिडी कळते. उठून दोन पावलांवर जाऊन शिडी धरायची होती. मी कपात अजून कॉफी ओतली. ती पडली तेव्हा आवाज फारसा झाला नाही, डबा मात्र घरंगळत चर्चच्या बाजूला गेला आणि गल्लीभर पांढरं झालं. मी धावत गेलो, रुग्णवाहिका बोलावली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बघितलंस ना सगळं? आता तरी समाधान झालं?" त्या दिवसाची मला लाज वाटते. तिला कधी सांगितलं नाही, पण वाटते.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ती घरी परतली नाही. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात तिला खोली मिळाली. तिथून खालचं अख्खं गाव दिसतं. घर तिने मुलीच्या, इंगुनच्या नावावर केलं. इंगुन एकुलती एक, ऑस्लोला विम्याच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. घर नावावर होताना तिनेही सही केली, मी इथे राहीन म्हणून. गाव डोळे लावून बसलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, आता बघूया म्हातारी काय करते ते, असं बंदरातल्या प्रत्येक बाकावर चाललं होतं.

नोव्हेंबरात इंगुन माझ्याकडे आली. बरोबर केक आणला होता, म्हणजे काम मोठं असणार.

"ओडव्हार, तुझ्याकडे मागायला मला तोंड नाही," ती म्हणाली.

"मग केक ठेव आणि जा."

ती बसली. "मी नोकरी सोडून इथे येऊ शकत नाही. आणि घर विकणं माझ्याकडून होणार नाही. माझं बालपण आहे ते. उन्हाळ्यात येईन, ईस्टरला येईन. तोवर फक्त कुणीतरी राहतंय असं दिसायला हवं. दिव्याला मी घड्याळाची कळ लावलीय, चारला लागतो, दहाला जातो. खिडकीत तारा टांगायचा. बर्फ पडला की पायऱ्यांवर जरा ये-जा करायची. एवढंच."

"तुझ्या आईला माहीत आहे?"

"आईला काय सांगायचंय? तिला वाटतंय मी शनिवार-रविवार इथे असते."

मी हो म्हणालो. दयाबिया नव्हती ती. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. बारा घरं धरणाऱ्या बाईच्या घरात चोरीचा दिवा, आणि तो सांभाळणारा मी. स्वेरेला हे कळलं असतं तर खदखदून हसला असता. मी ते काम माझ्या धंद्यात करतो तसं नीट केलं. ख्रिसमसच्या आधीच्या चार रविवारांतल्या पहिल्या रविवारी कागदी तारा खिडकीत टांगला. आठवड्यातून दोनदा चुलीत लाकडं घातली, धूर दिसावा म्हणून. बर्फ पडला की तीन जोड घेऊन जायचो, माझे बूट, आर्विडचे जुने रबरी बूट आणि गुनव्होरच्या सपाता. आळीपाळीने घालून पायऱ्या चढायचो-उतरायचो. एकदा सपातांचे ठसे पायऱ्यांवरून खालीच गेले, वर येणारे नव्हतेच. दुरुस्त करायला पुन्हा उलटं चालावं लागलं. एकाहत्तराव्या वर्षी.

गावात सगळ्यांना कळलं होतं. कुणी पत्र टाकलं नाही. टाकायची सवय एकटीलाच होती. उलट लोक मला बाजारात थांबवून विचारायचे, "काय, म्हातारी काल किती वेळा बाहेर पडली?" आणि हसत सुटायचे. बऱ्याच वर्षांनी मला गावात मान मिळत होता.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वृद्धाश्रमातून फोन आला. गुनव्होर तेर्येसेनने बोलावलंय, दुपारी पावणेचारला ये, उशीर करू नकोस, असा निरोप होता.

ती चाकाच्या खुर्चीत खिडकीशी बसली होती. निम्मी झाली होती. उजवा हात मांडीवर पडलेला, बोटं थरथरत होती. खिडकीच्या कट्ट्यावर आर्विडची दुर्बीण.

"बस," ती म्हणाली. "घड्याळात बघ, किती वाजले?"

"चारला पाच कमी."

"दुर्बीण घे. माझ्या घरावर लाव."

मी लावली. खाली गाव निळं पडत चाललं होतं. तिची खिडकी काळी होती. मग ती खिडकी पिवळी झाली.

"चार," ती म्हणाली, घड्याळाकडे न बघता. "काल चार. परवा चार. नाताळच्या दिवशीही चार. अरे गाढवा, ढग आले तर माणूस साडेतीनलाच दिवा लावतो. ऊन असलं तर सव्वाचारला. स्वयंपाकात विसरला तर पाचला. राहत्या घराचा दिवा रोज वेगळ्या वेळी लागतो. त्या तिघांना मी घड्याळावरच ओळखलं होतं, नगरपालिकेला पटलं नाही, एवढंच."

मी दुर्बीण खाली ठेवली.

"आणि सपाता घालून बर्फात कोण जातं? मी कधी गेलेय? एवढी वर्षं समोर बसून तू बघितलंस तरी काय?"

"मुलीने सांगितलं म्हणून केलं," मी म्हणालो.

"खोटं बोलू नकोस. मुलीने सांगितलं, पण तू मजेने केलंस. मला इथून तुझी चाल दिसते, तू नाचत चढत होतास." तिने श्वास घेतला. "हरकत नाही. भावाचं होतं तुझ्या मनात. चांगलं जाळलंस मला. आता कपाटातला कागद काढ आणि लिही. माझा हात चालत नाही."

"काय लिहू?"

"तुला पाठ आहे. धक्क्यामागची गल्ली, घर क्रमांक सतरा. सोळा सप्टेंबरपासून कुणी राहत नाही. दिवा आहे तो घड्याळाचा. चौकशी व्हावी."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. चेष्टा करत असेल असं वाटलं, पण गुनव्होर चेष्टा करायची तेव्हा तिचा चेहरा इतका थकलेला नसायचा.

"ते तुझं घर आहे, गुनव्होर."

"होतं. बारा जणांना मी हेच सांगितलं. तुझ्या आईबापाच्या घराचं सांगितलं. आता तेराव्याला गप्प बसू? मग त्या बारांचं मी काय केलं म्हणायचं? ती नुसती दुष्टाई झाली." तिचा आवाज फाटला, आणि त्याचा तिला राग आला. "लिही."

मी लिहिलं. शेवटी आलो. "सही?"

"तुझी."

"माझी का म्हणून?"

"कारण शेजारी तू आहेस. मी नाही आता." मग ती खिडकीकडे बघत म्हणाली, "आणि इंगुन मला एकच आहे. ती रविवारी येते. आईने माझं घर घालवलं असं तिला कळलं तर ती यायची थांबेल. तू घालवलंस असं कळलं तर फक्त तुझ्याशी बोलायची थांबेल. तुझ्याशी तसंही कोण बोलतं?"

"हल्ली बोलतात," मी म्हणालो. "हल्ली जरा बोलायला लागलेत."

"माहितेय," ती म्हणाली. "म्हणून तुला बोलावलं. शिडी धरली नाहीस, निदान पेन धर."

मी सही केली आणि नावापुढे शेजारी असं लिहिलं. जाताना तिने सांगितलं, "तो आरसा काढून घेऊन जा. येणाऱ्यांना तो नको असेल आणि तुझ्या खिडकीला काही नाही." मी नको म्हणालो. दुसऱ्या दिवशी जाऊन काढून आणला, कारण पेच गंजायला लागले होते आणि ते मला बघवेना.

फेब्रुवारीत नगरपालिकेचा माणूस आला, पायऱ्यांचे फोटो काढले, वीज किती जळते ते तपासलं. पत्र कुणी टाकलं ते अशा वेळी कधी लपत नाही. त्याच रविवारी मी वृद्धाश्रमात गुनव्होरला तिचा चष्मा द्यायला गेलो होतो, तेवढ्यात इंगुन आत आली. तिने मला बघितलं आणि पिशवी जमिनीवर टाकली.

"माझा केक खाल्लास तू," ती म्हणाली. "तीन महिने माझ्या घराची किल्ली तुझ्या खिशात होती. मेलेल्या भावाचा सूड उगवायला तुला एक अंथरुणाला खिळलेली म्हातारी सापडली?"

मी गुनव्होरकडे बघितलं. इंगुनने ते पाहिलं. ती हुशार बाई आहे.

"आई," ती हळू म्हणाली. "तुला हे माहीत होतं? तू लिहायला सांगितलंस का त्याला?"

गुनव्होर तेर्येसेन उभ्या जन्मात खोटं बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. लोकांचा तिच्यावर राग होता तो नेमका त्याचसाठी.

"मी? माझ्याच घराबद्दल?" तिने सरळ कानावर हात ठेवले. "ओडव्हार पहिल्यापासून असाच आहे. लाल भिंतीचा माणूस."

एक शब्द बोललो असतो तर सगळं उघड झालं असतं. कागद तिच्या कपाटातला होता, वर वृद्धाश्रमाचं नाव छापलेलं. इंगुन आईच्या खुर्चीशी खाली बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. गुनव्होरने डावा हात तिच्या केसांवर ठेवला आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत माफीबिफी काही नव्हती. दार लावून घे, एवढंच होतं. मी लावून घेतलं.

उन्हाळ्यात घर विकलं गेलं. शाळेत शिकवणारी एक बाई, तिचा होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा नवरा आणि दोन मुली राहायला आल्या. भिंतीवरचे ओघळ खरवडून मी त्यांचं घर रंगवून दिलं, त्यांनी न सांगता. गुनव्होर ऑक्टोबरच्या शेवटी गेली. परिचारिका म्हणाली, की शेवटचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी दुर्बीण मागायची आणि चिडायची. आज पावणेपाचला लावला, काल साडेपाचला, वीज काय आभाळातून पडते का यांना, म्हणायची. मग शांत झोपायची.

दफनाला चर्च भरलं होतं. गाव असंच आहे, जिवंतपणी ज्याच्या बाकावर बसत नाहीत त्याच्या दफनाला उभं राहायला जागा नसते. प्रत्येक जण इंगुनला सांगत होता की तुझी आई कडक होती, पण खरी होती. माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. बाहेर पडताना कुणीतरी मागे म्हणालं, की आता याने आरसाही लावलाय. लावला आहे खरा. शनिवारी पुसतोही.

दफनानंतरच्या मंगळवारी मी टपालपेटी उघडली, तर आत बांगडा. मी तो नाकाशी नेला. ताजा होता. कुणीतरी पहाटे जाळं काढून आणला असणार, एवढी तसदी घेतली. मी तो घरात आणला, साफ केला, लोण्यात तळला. मग पडदा पूर्ण बाजूला सारला, खुर्ची खिडकीशी ओढली आणि काटे चोखत खायला बसलो. दोघं-तिघं गल्लीतून गेले, त्यांनी बघितलं. मी खात राहिलो. दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती आणि पाऊस येणार होता. समोरच्या स्वयंपाकघरात धाकट्या मुलीने बाकावर चढून दिवा लावला.